पाणी तोडा, मोगरा फुलवा

पुण्यात कॅमेलियाचं फूल जन्मात न पाहिलेली माणसं रोज सकाळी कॅमेलिया उकळतात, गाळतात आणि वर आलं-वेलदोडा घालून पितात. अमृततुल्यातला चहा म्हणजे ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ची पानंच. जपान-युरोपातल्या बागांमध्ये ज्या देखण्या फुलांचा एवढा तोरा असतो, ती ‘कॅमेलिया जॅपोनिका’ म्हणजे आपल्या चहाची सख्खी चुलत बहीण. तिला थंड हवा लागते आणि आम्लधर्मी माती. पुण्याची काळी माती पडली अल्कधर्मी, आणि एप्रिल-मे तर विचारूच नका. त्यामुळे जुना कॅमेलिया का फुलत नाही, ही चिंता कोथरूडकरांना कधी पडत नाही. त्यांना पडते ती जुन्या मोगऱ्याची. गंमत म्हणजे दोन्ही रोगांचं औषध कात्रीच, फक्त ती कधी चालवायची याचं गणित वेगळं.

मनिलाचा पाद्री

कॅमेलिया हे नाव लिनियसने दिलं ते गेऑर्ग योसेफ कामेल या जेझुइट धर्मगुरूच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ जन्माला आला ब्र्नो शहरात, १६६१ मध्ये. पुढे फिलिपिन्समध्ये गेला, मनिलात औषधं बनवत राहिला, तिथल्या वनस्पतींच्या नोंदी करत राहिला आणि १७०६ मध्ये तिथेच वारला. कॅमेलिया शोधण्यात त्याचा काडीचाही हात नव्हता. आता ज्या फिलिपिन्समध्ये त्याची हयात गेली, त्या देशाचं राष्ट्रीय फूल कोणतं? मोगरा! तिथे त्याला ‘साम्पागिता’ म्हणतात आणि १९३४ पासून त्याला हा मान आहे.

चहा आणि मोगरा एकत्रही येतात. चिनी ‘जास्मिन टी’मधला जास्मिन म्हणजे बहुतेक वेळा आपला मोगराच. दिवसा तोडलेल्या कळ्या संध्याकाळी उमलायला लागल्या की त्या चहाच्या पानांत मिसळतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी फुलं वेचून काढतात. उंची चहा असेल तर हाच प्रकार नव्या कळ्या घेऊन पुन्हा पुन्हा. म्हणजे कपातल्या कॅमेलियाला मोगऱ्याचा वास! हे अमृततुल्यवाल्यांच्या कानावर घालू नये. उद्या पाटी लागेल.

रुळांवरून सरकणारं घर

जुन्या कॅमेलियाचे लाड कुठवर करावेत? जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिलनिट्झच्या राजवाड्यात एक कॅमेलिया १८०१ पासून एकाच जागी उभा आहे. उंची जवळपास ९ मीटर. हिवाळ्यात थंडीपासून जपायला त्याच्याभोवती काचेचं घर असतं, आणि हे घर रुळांवर चालतं. ऋतू बदलला की अख्खं घर बाजूला सरकवायचं आणि झाडाला उन्हं दाखवायची. ही सोय १९९२ पासूनची. फेब्रुवारी ते एप्रिल त्याला हजारोंनी फुलं येतात; चांगल्या वर्षी आकडा ३५,००० पर्यंत सांगतात.

१९०५ च्या जानेवारीत त्याच्याभोवतीचं तेव्हाचं लाकडी घर जळालं. बाहेर उणे २० अंश. आगीवर मारलेलं पाणी फांद्यांवरच गोठलं आणि त्या बर्फाच्या कवचाने झाडाला कडाक्याच्या थंडीपासून वाचवलं. वसंतात ते पुन्हा फुटलं. आपल्याकडे चार दिवस गावाला जाऊन आलं तरी कुंडीतली तुळस मान टाकते, ते आठवून मी या झाडाकडे जरा संशयानेच बघतो.

कात्री कधी, हा सगळा खेळ

कॅमेलियाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. फुलं मात्र हिवाळ्यात किंवा वसंतात उमलतात. उशिरा कात्री चालवली की पुढच्या वर्षीची फुलं कचऱ्याच्या डब्यात. म्हणून त्याची छाटणी फुलं संपल्या संपल्या करायची. कळ्या धरल्यावर झाड तहानलं तर त्या न उमलताच गळतात.

मोगऱ्याची तऱ्हा याच्या उलट. तो फुलतो तो नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर. जुन्या, काष्ठ झालेल्या फांद्या कितीही जपल्या तरी त्या फक्त जागा अडवतात. बहुतेक घरांत मोगरा फुलत नाही त्याचं कारण किडीत नसतं, आजीच्या मायेत असतं. ‘इतकं छान वाढलंय, कशाला कापता?’ या एका वाक्याने पुण्यातला जेवढा मोगरा वांझ ठेवलाय, तेवढा कुठल्या रोगाने ठेवला नसेल.

जाणकार माळी करतो ते असं. डिसेंबर लागला की पाणी हळूहळू तोडायचं. झाड पिवळट पडतं, पानं गळतात, घरचे कुरकुरतात. तिकडे लक्ष द्यायचं नाही. उरलेली पानं हातानेच ओरबाडून काढतात. जानेवारीत कात्री. जमिनीत लावलेलं जुनं झुडूप असेल तर पार गुडघ्यापर्यंत, म्हणजे दीडेक फुटावर आणायचं. वाळक्या, किडक्या, आडव्यातिडव्या फांद्या मुळापासून साफ. मग बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून दोन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, मुरलेलं शेणखत आणि थोडी नीमपेंड मिसळून माती परत लोटायची आणि सपाटून पाणी द्यायचं. झाडाला वाटतं, वाईट दिवस सरले. नवे फुटवे भराभर येतात, मार्चमध्ये कळ्या दिसतात आणि एप्रिल-मेमध्ये ओंजळी भरतात. पहिला बहर ओसरला की शेंडे पुन्हा थोडे खुडायचे. फुटवे वाढतात, त्यांच्यासोबत पुढचा बहरही.

कुंडीतल्या झाडाचं पाणी मात्र बेतानेच तोडायचं. जमिनीतल्या मुळांना खोलवर ओल सापडते, कुंडीतल्यांना तळ लागतो. पानं मलूल झाली की थांबायचं. हट्टाने महिनाभर पाणी बंद ठेवलंत तर मार्चमध्ये मोगरा नव्हे, रिकामी कुंडी फुलवावी लागेल.

झाड जुनं आणि कुंडीही जुनी असेल तर एकदा उलटी करून बघा. आत माती शिल्लकच नसते, नुसता मुळांचा गोळा. बाहेरच्या बाजूची मुळं थोडी छाटायची, नवी माती भरायची आणि तेच झाड त्याच कुंडीत परत. मोठी कुंडी घेतलीच पाहिजे असं नाही.

आपले शेतकरी हेच करत आलेत

पाणी तोडून फुलं आणण्याला शेतकरी ‘ताण देणे’ म्हणतो आणि पुढच्या सगळ्या कारभाराला ‘बहर धरणे’. डाळिंबाला आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर. कुठल्या महिन्यात बाजारात भाव मिळेल ते बघून बहर निवडायचा, त्याच्या आधी बागेला ताण द्यायचा आणि झाड फुलायला लावायचं. झाडाला आपण स्वतःहून फुललो असं वाटत असेल तर वाटू द्यावं.

पुण्यापासून तासाभरावर, पुरंदर तालुक्यात, अंजिराचे दोन बहर धरतात. खट्टा बहर आणि मीठा बहर. खट्ट्याची फळं पावसाळ्यात येतात, मीठ्याची उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि चवीचा मान अर्थातच दुसऱ्याला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि अंजिराचं फूल? ते कुणाला दिसत नाही, कारण फुलं फळाच्या आतच असतात. आपण जे खातो तो आतून फुललेला, बाहेरून बंद गुच्छच.

द्राक्षवाल्यांचा हिशेब तर याहून कडक. ते वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. घड दिसतात ते गोडी छाटणीनंतर, पण काडीवरच्या डोळ्यात घड आहे की नुसती पानं, हे ठरतं खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, पाणी जास्त झालं, वेलीवर पानांची दाटी झाली की घड कमी. म्हणजे नाशिक-सांगलीचा शेतकरी मे-जूनमध्ये आभाळाकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या फेब्रुवारीची द्राक्षं असतात. याचा अभ्यास करणारं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यातच आहे, मांजरीला. फुलशेतीचं राष्ट्रीय संशोधन संचालनालयही पुण्यातच.

एक बातमी मात्र पुणेकरांनाच कमी ठाऊक आहे. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची एक अख्खी संस्था आहे: राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. २००९ मध्ये स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, खारी जमीन अशा गोष्टींचा पिकांवर काय ताण पडतो, हा तिचा विषय. माणसांच्या ताणासाठी वेगळी सोय बघावी.

व्हॅलेंटाइनचं उलटं पंचांग

मावळात, तळेगावच्या आसपास, पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब होतात. १४ फेब्रुवारीला मागणी उसळते. गुलाबाची फांदी छाटल्यापासून फूल तोडणीला यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर थोडे अधिक. परदेशी माल पाठवायचा तर प्रवासाचे दिवस वेगळे. म्हणून मावळचा शेतकरी मागे मोजत येतो आणि डिसेंबरात कात्री हातात घेतो. कुणीतरी कुणाला गुलाब देण्याआधी दोन महिने त्याची तारीख पवन मावळातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठरलेली असते.

घरच्या गुलाबालाही हाच हिशेब. पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान छाटलेला गुलाब नाताळाआधी फुलतो. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बक्षीस हवं असलेली मंडळी कॅलेंडर घेऊन बसतात ती यामुळेच. या बागेला नाव मिळालं व्हिक्टोरिया राणीवरून, पण तिथल्या गुलाबांपुढे उभं राहिल्यावर राणी आठवते कुणाला?

बोगनवेल: दुर्लक्ष करा, फुलेल

पुण्यातल्या बंगल्यांच्या फाटकांवर सगळ्यात जोरात फुलते ती बोगनवेल, आणि तीही जिथे माळी येत नाही तिथे. कारण साधं आहे: भरपूर पाणी आणि खत मिळालं की ती पानांचा संसार थाटते, तहान लागली की फुलते. रोज संध्याकाळी नळी धरणारे काका आणि ‘हिला फुलं का येत नाहीत’ विचारणारे काका एकच असतात.

तिच्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या मुळात पाकळ्याच नाहीत, ती रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे आतली पांढुरकी, बारीकशी नळी. युरोपियनांना ही वेल दिसली ब्राझीलमध्ये, १७६७ मध्ये, फ्रेंच दर्यावर्दी बूगाँव्हिलच्या जगप्रदक्षिणेत. त्या मोहिमेवरच्या वनस्पतिशास्त्रज्ञासोबत, फिलिबेर कोमेर्सोंसोबत, त्याचा मदतनीस म्हणून एक तरुण होता. तो तरुण म्हणजे पुरुषवेशातली झान बारे निघाली. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नोंदीतली ही पहिली स्त्री. आपल्या फाटकावरच्या वेलीमागे एवढं मोठं कथानक आहे आणि आपण तिच्याकडे बघतो ते काटा टोचला तरच.

रात्रीचे पाहुणे

ब्रह्मकमळ फुलायचं असेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आधी वर्दी येते: ‘आज रात्री उमलणार, जरूर यावे.’ मग रात्री दहा-साडेदहाला लोक चहा पीत गॅलरीत उभे, हातात मोबाइल. सकाळी फूल मान टाकून मोकळं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते हे नव्हे. आपल्या कुंडीतलं हे निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेलं. त्याची पानंही खोटी. ती चपटी झालेली खोडं. म्हणून तर ‘पान’ मातीत खोचलं की नवं झाड होतं. फुलत नसेल तर सगळ्यात आधी त्याला मोठ्या कुंडीत हलवायचा मोह आवरा. मुळं जरा अडचणीत असलेलं, वयात आलेलं झाड बरं फुलतं.

त्याचीच नातलग म्हणजे ड्रॅगन फ्रूट. फूल बघा, थेट ब्रह्मकमळ! तेही रात्रीच उमलतं. या पिकाला फुलायला मोठे दिवस लागतात. म्हणून हिवाळ्यात काही शेतकरी रात्री बागेत बल्ब लावतात. वेलींना दिवस मोठे झालेत असं वाटतं आणि बिनहंगामी फुलं येतात. हायवेवरून रात्री जाताना ओळीने दिवे दिसले तर ते लग्नाचं कार्यालय असेलच असं नाही.

शेवंतीचं गणित नेमकं उलटं. तिला लांब रात्री हव्यात. पॉइन्सेटियाचं, म्हणजे नाताळात लाल होणाऱ्या त्या मेक्सिकन झाडाचंही तेच. पुण्यात डिसेंबरात रात्र साधारण १३ तासांची असते, तेवढ्या अंधारात ते लाल व्हायलाच हवं. होत नसेल तर खिडकीबाहेर बघा. महापालिकेच्या दिव्याचा खांब असेल. झाडाच्या दृष्टीने रात्र पडलेलीच नाही. संध्याकाळी पाच-सहाला कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात आणि सकाळी परत उजेडात, असं दीड-दोन महिने केलं की रंग चढतो. झाडं दिवस-रात्र मोजतात हे गार्नर आणि ॲलर्ड या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं, तेही तंबाखूच्या एका हट्टी जातीमुळे, जी उन्हाळ्यात उंच उंच वाढायची पण फुलायचं नावच घेत नव्हती.

टॉवर आणि उत्तरेची गॅलरी

मोगऱ्याला रोजचं पाच-सहा तास खणखणीत ऊन हवं. गेल्या वर्षीपर्यंत छान फुलणारा मोगरा यंदा अचानक रुसला असेल तर खत बदलण्याआधी समोर बघा. जुनी तीन मजली सोसायटी पाडून बारा मजली उभी राहिली असेल. पुनर्विकासाच्या करारात पार्किंग, क्लब हाऊस, जादा चटई क्षेत्र सगळं लिहिलेलं असतं. शेजारच्या मोगऱ्याच्या उन्हाचा उल्लेख नसतो.

उत्तरेकडच्या गॅलरीवाल्यांसाठी एक गंमत. पुणे साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गायब होते. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतं, फक्त नेमकं तेव्हा पाऊस येतो. तिथे मोगऱ्याचा हट्ट सोडून पानांची झाडं लावावीत, हे माझं स्पष्ट मत.

उरलेल्या तक्रारी, झटपट

जास्वंदाच्या कळ्या न उमलता गळतात? कळीच्या देठाशी पांढरा कापूस दिसतोय का बघा. तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी. पाण्याचा जोरदार फवारा, मग नीम तेल आणि साबणाचं पाणी. गणपतीच्या शहरात जास्वंद न फुलणं म्हणजे नामुष्कीच.

सोनचाफा वर्षानुवर्षं नुसता उंच होतोय? बीपासून वाढवलेला असेल तर फुलायला आठ-दहा वर्षं सहज जातात. कलम आणा, तोवर शेजाऱ्यांच्या चाफ्याचा वास फुकट आहे.

पानं हिरवीगार, दाट, फूल मात्र एकही नाही? युरिया बंद करा. नत्राने पानं वाढतात. फुलांसाठी स्फुरद-पालाश: हाडांचा चुरा, थोडी लाकडाची राख. राख मात्र बेताने, आपल्या मातीत अल्कता आधीच आहे.

आणि कारवी? तिच्यापुढे कुणाची कात्री चालत नाही. सिंहगडाच्या वाटेवर, मुळशीच्या डोंगरांवर दाटीने वाढणारं हे झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलतं, बी टाकतं आणि वाळून जातं. तिला ताण कुणी दिलेला नाही, पाणी कुणी तोडलेलं नाही. मधमाश्यांची मात्र चंगळ होते; कारवीचा मध म्हणून वेगळा ओळखला जातो.

राहिले पहाटेचे फूलचोर. हातात आकडी, खिशात प्लॅस्टिकची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर देवपूजेचं तेज. संताप होतो, पण झाडाच्या बाजूने बघितलं तर हे लोक फुकटात माळीकाम करतात. फूल तोडलं की झाडाची बी धरायची खटपट वाचते आणि ती ताकद नव्या कळ्यांना मिळते. गुलाबवाले सुकलेली फुलं आवर्जून कापतात ती यासाठीच. मोगऱ्याबाबत मात्र चोर दुहेरी फायद्यात असतो. गजऱ्यासाठी टपोऱ्या कळ्या पहाटेच तोडतात, कारण त्या उमलतात त्याच दिवशी संध्याकाळी. ताण तुम्ही द्यायचा, जानेवारीत कात्री तुम्ही चालवायची आणि वास सुटायचा चोराच्या बैठकीच्या खोलीत. उपाय एकच: चोराच्या आधी उठा.